पेंचच्या वाघाची उपजात बदलली का?
'पेंचचा वाघ आता बंगाल वाघ राहिला नाही का, अन् हे शास्त्रज्ञ सारखी नावं काहून बदलतात' हा वरचा प्रश्न रास्त आहे. प्रजात तीच आहे, वाद उपजातींचा आहे. आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) मार्जार तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये दोनच उपजाती धरल्या: मुख्य भूमीवरची आणि सुंदा बेटांवरची (सुमात्रा, जावा वगैरे). म्हणजे पेंच आणि सायबेरिया एकाच खात्यात. पुढच्याच वर्षी 32 वाघांचे संपूर्ण जनुकसंच तपासून दुसऱ्या चमूने सहा मांडल्या. आपल्या वाघाचं शास्त्रीय नाव दोन्हीकडे पँथेरा टायग्रिस टायग्रिस हेच. फलक रंगवायची घाई नको.

जुन्या अभ्यासांत भर मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या, डीएनएवर असे. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे नरांचं स्थलांतर त्यात दिसत नाही. मार्जारकुळात आणखी एक खोड आहे. घरच्या मांजरात या डीएनएचा सुमारे 7,900 अक्षरांचा तुकडा पेशीच्या केंद्रकातल्या मुख्य डीएनएत शिरून 38 ते 76 वेळा लागोपाठ बसला आहे. वाघ-सिंहांतही असे तुकडे आहेत. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्रात, खऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएऐवजी चुकून हाच वाढला तर वंशवृक्ष बिघडतो. डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं किंवा प्रथिनाच्या जनुकात मधेच थांबा-संकेत (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी अक्षरं) दिसला, की संशय घ्यायचा आणि लांब पल्ल्याचे प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पुन्हा करायचं.

नवा शोधनिबंध वाचताना आधी केंद्रकी डीएनए घेतला का ते पाहा, मग नमुने कुठले आहेत ते. प्राणिसंग्रहालयातल्या संकरित वाघाचा नमुना असेल तर तो बाजूला ठेवा.