वर्ष उलटलं, अजून नोकरी नाही. दिवस कसा धरून ठेवता?

आडवीउभी

सीव्ही कसा लिहायचा हे विचारायला आलेले नाही, त्यावर भरपूर वाचून झालंय. मला दुसरंच विचारायचंय.

मी स्ट्रक्चरल ड्राफ्टिंग करते, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची ड्रॉइंग काढते. सेंटरलाइन, फुटिंगचे (पायाचे) डिटेल्स, बार बेंडिंग शेड्यूल म्हणजे कोणती सळई किती लांब कापायची-वाकवायची याचा तक्ता, साइटवरून बदल आले की रिव्हिजन काढणं. हे काम मला चांगलं येतं. ज्या ऑफिसात होते तिथे ड्राफ्टिंगचा विभागच बंद करून काम बाहेर द्यायचं ठरलं आणि आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी पत्रं मिळाली. त्याला वर्ष उलटून गेलं.

पहिले काही महिने मी जोरात होते. रोज अर्ज करायचे, रेव्हिट हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं, पोर्टफोलिओ नव्याने बांधला. मुलाखतीही झाल्या. एका ठिकाणी तिसऱ्या फेरीनंतर ‘कधी रुजू होऊ शकाल’ असं विचारलं. मी घरी सांगूनही टाकलं. आणि मग काहीच नाही. फोन उचलत नाहीत, मेलला उत्तर नाही. सरळ नकार आला असता तर एक दिवस रडून मोकळी झाले असते. ते अर्धवट राहिलेलं अजून डोक्यातून जात नाही.

आता अर्जाचं पान उघडलं की हातच चालत नाही. तीच माहिती पुन्हा त्याच चौकटींत भरायची आणि ‘सध्याचे पद’ या रकान्यापाशी येऊन अडायचं. अनोळखी नंबर दिसला की छातीत धस्स होतं, उचलावा तर कर्ज हवंय का विचारणारं कोणीतरी असतं. संध्याकाळी शेजारपाजारचे कामावरून परततात त्या वेळी मी जिन्यात जाणं टाळते. नवरा समजूतदार आहे, कधी टोचून बोलला नाही. पण घरात पाऊल टाकताना ‘आज काही?’ असं विचारतो आणि त्या दोन शब्दांना काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव मी दुपारपासून करत असते. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. ड्राफ्टिंग लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

आणि वेळेचं तर काही कळेनासंच झालंय. नोकरी होती तेव्हा ऑफिस, घर, मुलीचा अभ्यास सगळं उरकून रात्री वाचायला बसायचे. आता अख्खा दिवस मोकळा आहे आणि एक पुस्तक पुरं होत नाही.

ज्यांनी असा मोठा काळ काढलाय त्यांना विचारते. दिवस कसा धरून ठेवलात? अर्ज करायचं बळ कुठून आणलंत? आणि मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं की काय सांगायचात? ‘सकारात्मक राहा’ एवढं मात्र कृपा करून सांगू नका.

टेबलापलीकडून

ताई, मी बरीच वर्षं भरतीचं काम केलंय, म्हणून त्या बाजूचं सांगते.

आधी ती तिसरी फेरी. शेवटच्या टप्प्यावर सगळं गप्प होतं तेव्हा बहुतेकदा उमेदवाराबद्दल काही ठरलेलं नसतं. पदाची मंजुरी अडकते, प्रकल्प पुढे ढकलला जातो, आतलाच कोणी त्या जागेवर सरकतो, किंवा ज्या साहेबांना तुम्ही हव्या होतात तेच सोडून जातात. अशा वेळी ‘तूर्त काही कळवू नका’ असा निरोप वरून येतो. हे वाईट आहे. मी त्याविरुद्ध भांडलेही आहे, कारण पलीकडे माणूस ताटकळत असतो. पण त्या गप्प बसण्यात तुमच्या कामाचा निकाल शोधू नका.

दुसरं, जितके महिने वाढतात तितके फोन कमी होतात, हा तुमचा भास नाही. अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी जवळपास ३,००० जागांसाठी सुमारे १२,००० बनावट सीव्ही पाठवून पाहिले. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. कोणता उमेदवार किती महिने घरी आहे हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे बाकी लायकीशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही महिने वाढले तशी बोलावणी घटली. यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते. एक, ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती, पुढे फारशी नाही. म्हणजे आणखी एक महिना गेला म्हणून दार आणखी घट्ट बंद होतं असं नाही. दोन, जिथे नोकऱ्या मुबलक होत्या अशा ठिकाणी ही घसरण जास्त दिसली. ‘एवढी कामं असताना ही व्यक्ती अजून घरी कशी’ असा अर्थ समोरचा लावतो. ड्रॉइंग न उघडताच लावतो.

स्वीडनमध्येही असाच प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. तिथे आधी कधीतरी बेकार होऊन मग पुन्हा काम केलेल्या उमेदवारांना त्या जुन्या काळाची झळ लागलेली दिसली नाही. म्हणून माझं मत असं की, पूर्ण वेळ नोकरीची वाट पाहताना छोटं काम मिळालं तर घ्याच. शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष कामासाठीची बारीक तपशिलाची ड्रॉइंग), ॲज-बिल्ट (झालेल्या बांधकामाची ड्रॉइंग), एखाद्या ठेकेदाराचं बार बेंडिंग शेड्यूल. रक्कम किरकोळ असेल, पण तुम्हाला अडवणारा तो रकाना भरेल, आणि खरा भरेल.

गॅपचं उत्तर दोन वाक्यांचं ठेवा. ‘आमचा पूर्ण विभाग बंद झाला. त्यानंतर मी रेव्हिट शिकले, त्यात केलेलं मॉडेल दाखवते.’ आणि लगेच मॉडेल उघडा. उत्तर लांबलं की समोरचा त्यात काहीतरी शोधू लागतो.

दुसरीपाळी

मी मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. प्लांट हलला, मी मागे राहिलो, आणि दीड-दोन वर्षं घरी होतो. तुमचं पुस्तकाचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण मी त्या दिवसांत याच गोष्टीने हैराण होतो. हातात वेळच वेळ आणि हातून काही होत नाही.

तेव्हा मला मारियनथालबद्दल वाचायला मिळालं. ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाजवळचं छोटं गाव. सगळं गाव एका कापड कारखान्यावर जगत होतं, आणि १९२९-३० मध्ये तो बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या लोकांचं रोजचं जगणं बारकाईने नोंदवलं, १९३३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गावात ग्रंथालय होतं, पुस्तकं फुकट मिळत होती, माणसं दिवसभर रिकामी होती. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांची चालही मंदावली होती, चालता चालता मध्येच थांबायचे. खिशात घड्याळ ठेवणं कित्येकांनी सोडलं होतं. दिवसभरात काय केलं असं विचारलं तर सांगण्यासारखं दोन-तीन गोष्टींपलीकडे काही निघत नसे. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण घरचं काम कुठे बंद पडलं होतं?

हे वाचून मला बरं वाटलं होतं. आळशीपणाचा जो ठपका मी स्वतःवर ठेवत होतो तो गळून पडला. याहोडाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवायही बरंच काही देते: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसं, आपल्यापेक्षा मोठ्या कशात तरी वाटा, समाजात एक जागा, आणि हातांना रोजचं काम. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं आणि आपण फक्त पगाराचा हिशोब करत बसतो. मग मी ठरवलं की पगार आपल्या हातात नाही, पण आखणी आणि माणसं यांची सोय लावता येईल.

आखणी अशी. नोकरीचा शोध फक्त सकाळी, अंघोळ करून, बाहेर जायचे कपडे घालून, वेळ संपली की लॅपटॉप बंद. दुपारी पोर्टल उघडायचं नाही म्हणजे नाही. दिवसभर थोडं थोडं बघत राहिलं की ना धड शोध होतो ना धड आराम. दुपारी घराबाहेरचं एक काम ठेवायचं, ज्यात कोणीतरी माझी वाट बघेल. मी एका अंध विद्यार्थ्याला परीक्षेची पुस्तकं वाचून दाखवायला जायचो. तो दारात बसलेला असायचा. पाय ओढत का होईना, त्याच्यासाठी मी निघायचो. एकट्याने फिरायला जायचं ठरवलं असतं तर आठवड्यात सुटलं असतं.

माणसांचं म्हणाल तर आम्ही तिघं जमलो होतो, तिघंही बेकार, तिघांचं क्षेत्र वेगळं. ठरलेल्या वारी फोन. एकमेकांचे अर्ज वाचायचो, मुलाखतीचे प्रश्न विचारायचो, आणि अडलेला फोन दुसरा समोर बसलेला असताना लावायचो. अमेरिकेत नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात असे नोकरी शोधणाऱ्यांचे गट नीट बांधून अजमावून पाहिले होते, आणि गटातल्या लोकांना एकेकट्याने शोधणाऱ्यांपेक्षा लवकर काम मिळालं होतं. आमच्यातल्या एकाला मिळालं तेव्हा उरलेल्या आम्हा दोघांना थोडं लागलं, पण त्याने फोन करणं सोडलं नाही, हे मी विसरणार नाही.

ते ‘आज काही?’ बंद करा. रागावून नाही, सांगून. मी बायकोला म्हटलं होतं, रविवारी सकाळी मी स्वतः सगळं सांगेन, बाकीचे दिवस तू विचारू नकोस. तिचा जीव भांड्यात पडला. विचारलं नाही तर याला वाटेल काळजी नाही, म्हणून ती विचारत होती.

कडेकडेने

दुसरीपाळी यांनी सांगितलंय ते मनापासून पटलं, फक्त एक जोडते. मी समुपदेशन करते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ झोप उडालेली असेल किंवा उठवतच नसेल, कशातच मन लागत नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर वेळापत्रकाच्या आधी डॉक्टर. ते आजारपण आहे, नोकरी लागेपर्यंत थांबायचं नाही.

शिवाय त्या तिसऱ्या फेरीबद्दल कागदावर लिहून काढा, कोणाला दाखवू नका. कामावरून काढलेल्या अनुभवी लोकांवर १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. नोकरी गेल्याबद्दल मनात खोलवर काय चाललंय ते ज्यांनी सलग काही दिवस लिहिलं, त्यांच्यापैकी पुढच्या महिन्यांत जास्त जणांना नोकरी लागली. अर्ज त्यांनी इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. मला त्यातलं असं वाटतं की राग कागदावर उतरला की तो मुलाखतीत बरोबर येत नाही.

आडवीउभी

सगळ्यांचे मनापासून आभार. मारियनथालचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. रविवारचंही बोललो. तो म्हणाला, मला वाटायचं विचारलं नाही तर तुला एकटं वाटेल.

झोपेचं म्हणाल तर रात्री तीनला जाग येते आणि मग लागत नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जाते.

एकच गोष्ट अवघड जातेय. छोटं काम मागायचं तर कोणाला तरी फोन करावा लागणार. जवळच्या मैत्रिणींना सगळं माहीत आहे, त्यांच्याकडे काही नाही. उरले ते जुने साइट इंजिनिअर, ठेकेदार, ज्यांच्याशी फक्त ड्रॉइंगपुरतं बोलणं व्हायचं. वर्षानुवर्षं संपर्क नाही आणि आता गरज पडली म्हणून आठवण, असं नाही का वाटणार त्यांना?

टेबलापलीकडून

त्यांनाच करा. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, त्याचा १९७३ चा लेख प्रसिद्ध आहे. ज्यांना ओळखीतून काम कळलं, त्यांच्यापैकी जेमतेम सहात एकाची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत होती. निम्म्याहून अधिक जणांना कधीमधी भेटणाऱ्याकडून कळलं, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त जणांना वर्षातून एकदाही मुश्किलीने भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात फिरत असतो.

आणि त्यांना काय वाटेल? साइट इंजिनिअरला ज्या ड्राफ्टिंगवालीच्या शेड्यूलमुळे सळई वाया गेली नाही, ती चांगली आठवते. नोकरी मागू नका, माहिती विचारा. मेसेज इथे टाका, बघते.

आडवीउभी

‘नमस्कार सर, मी अमुक ऑफिसात ड्राफ्टिंगला होते, आपण पार्किंगच्या रॅम्पच्या कामात बरोबर होतो. आपल्याला त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. विभाग बंद झाल्यामुळे मी सध्या काम शोधत आहे. काही असल्यास कृपया कळवावे ही नम्र विनंती.’

टेबलापलीकडून

क्षमस्व काढून टाका. रॅम्पच्या वाक्यात एक आठवण घाला, सळयांची जुळणी बदलावी लागली होती तसं काही झालं असेल तर तेच. शेवटचं वाक्य बदला: ‘शेड्यूल किंवा शॉप ड्रॉइंगची गरज पडते असे कोणी आपल्या माहितीत आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर देणं सोपं आहे, त्यांच्याकडे स्वतःचं काम नसलं तरी एखादं नाव असेल. उद्या सकाळी तुमच्या शोधाच्या वेळेत पाठवा, आणि त्याच वेळात आणखी दोघांनाही.

दुसरीपाळी

आणि पाठवताना कोणीतरी फोनवर हवं असेल तर मी सकाळी मोकळा असतो, माझी पाळी दुपारची आहे. व्यक्तिगत निरोपात नंबर देतो.