बामणोलीच्या होडीसाठी सागवान कोठून घ्यावे आणि कशाने चिकटवावे?

प्रश्न (सातारा)

आमच्या कुटुंबाची एक १८ फुटी होडी कोयनेच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीच्या काठाला असते. तिचे अंग फायबरचे आहे. मात्र दोन्ही काठांवरच्या पट्ट्या, तीन आडव्या बैठका आणि सुकाणूचा दांडा सागवानी आहे. पावसाळाभर ही लाकडे भिजत राहतात, आणि उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की तीच होडी उघड्या गाळावर भर उन्हात पडून असते. दोन वर्षांपूर्वी एका सुताराकडून काठपट्टीचे कुजलेले तुकडे बदलून घेतले होते. त्यांनी बाजारात मिळणारा पांढरा गोंद वापरला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळे सांधे उकलले. उकललेला सांधा पाहिला तेव्हा गोंदाचा थर एका तुकड्यावर जसाच्या तसा गुळगुळीत राहिला होता, आणि दुसऱ्या तुकड्याच्या लाकडाला त्याचा कणही लागलेला नव्हता.

या खेपेस दोन्ही पट्ट्या आणि बैठका नव्याने करावयाच्या आहेत. थोडेसेच पण चांगले सागवान या भागात कोठून मिळवावे, आणि ते कशाने जोडावे?

प्रतिसाद (मिरज, लाकडाच्या वखारीत काम करणारा)

प्रथम लागणारे लाकूड मोजून घ्यावे. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागले की घनफूट मिळतात. दोन इंच रुंद व एक इंच जाड अशा १८ फुटी दोन पट्ट्यांना अर्धा घनफूट लागतो. चार फूट लांब, नऊ इंच रुंद व एक इंच जाड अशा तीन बैठकांना पाऊण घनफूट लागतो. नासाडी धरून दोन घनफूट पुरेसे व्हावे. एवढ्यासाठी आख्खा ओंडका चिरून घेण्याची गरज नाही.

वखारीत तीन प्रकारचा माल दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, ज्याला आम्ही बल्लारशाचा म्हणतो, तो, दांडेलीकडचा, आणि आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील लागवडीतून आलेला परदेशी. परदेशी माल स्वस्त पडतो. पण लवकर वाढवलेल्या झाडांत खोडातील वाढीची वार्षिक वलये रुंद असतात आणि कोवळ्या झाडांच्या खोडात बाहेरचा पांढरट भाग बराच असतो. तो पांढरा भाग पाण्यात टिकत नाही, त्याला कीडही लागते, म्हणून गाभ्याचाच तुकडा मागावा आणि चारही बाजू स्वतः पाहाव्यात. रंग लावलेला तुकडा घेऊच नये.

माझे स्वतःचे मत विचाराल तर साताऱ्यात, वाईत किंवा सांगलीत एखादा जुना वाडा उतरवला जात असेल तेथील तुळई घ्यावी. ते लाकूड अनेक दशके वाळलेले असते आणि त्याचा पीळ जो निघायचा तो निघून गेलेला असतो. खिळे मात्र एकूणएक शोधून काढावे लागतात, अन्यथा आरा गिरणीवाला ते चिरून देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

शेताच्या बांधावरचा साग कापण्याचा विचार असल्यास महाराष्ट्र झाडतोड (नियमन) अधिनियम, १९६४ अन्वये आधी परवानगी आणि नेण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना घ्यावा. वखारीतून घेतले तर पक्के बिल जपून ठेवावे.

प्रतिसाद (सातारा, सुतारकाम करणारा)

आपण सांध्याचे जे वर्णन केले आहे त्यातच उत्तर आहे. चांगला सांधा तुटतो तेव्हा लाकूड फाटते आणि दोन्ही बाजूंना त्याचे तंतू दिसतात. आपल्या सांध्यात गोंद लाकडाला धरलाच नव्हता. सागात नैसर्गिक तेल असते. त्याच तेलामुळे तो पाण्यात टिकतो आणि त्याच तेलामुळे तो गोंद धरत नाही. पांढरा गोंद बदलून त्या जागी महाग गोंद आणला आणि लाकूड आठ दिवसांपूर्वी रंधलेले असले, तर परिणाम फारसा वेगळा होणार नाही.

म्हणून जोडायच्या दिवशीच, शक्यतो त्याच तासात, सांध्याच्या दोन्ही बाजूंवरून धारदार रंधा फिरवावा किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर मारावा. भुसा झटकून स्वच्छ पांढऱ्या फडक्याने ॲसिटोन पुसावा, फडके पिवळे पडणे थांबेपर्यंत नवे फडके घ्यावे, आणि ॲसिटोन उडून गेला की लगेच जोडावे. पुसल्यानंतर त्या जागेला हात लावू नये. सागात सिलिका असल्याने रंध्याची धार लवकर बोथट होते, त्यामुळे पाते मधूनमधून घासावे लागेल. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी दाबून चकचकीत करते आणि अशा पृष्ठभागावर काहीही चिकटत नाही.

जोडण्यासाठी राळ व हार्डनर (राळ घट्ट करणारे द्रव्य) असे दोन भागांचे इपॉक्सी घ्यावे. प्रथम पातळ मिश्रण दोन्ही बाजूंना चोळावे, मग त्यातच लाकडाचे बारीक पीठ घालून दाट केलेले मिश्रण लावावे. शिकंजा आवळताना मात्र सुताराची नेहमीची सवय आवरावी लागते, कारण इपॉक्सीला सांध्यात थोडी जाडी लागते आणि जोर लावून सगळे बाहेर पिळून काढले की सांधा कोरडा राहतो. कडेने थोडेसे मिश्रण एकसारखे बाहेर आले की थांबावे.

प्रतिसाद (सांगली, रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक)

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ॲसिटोनवर फार विसंबू नये. तो वरचे तेल काढतो हे खरे; पण पुसून अर्धा दिवस थांबल्यास आतले तेल पुन्हा वर येते. नुकताच कापलेला पृष्ठभाग ही खरी गोष्ट आहे, पुसणे दुय्यम आहे. ॲसिटोन नसल्यास रंगाचा थिनर वापरू नये, कारण त्यात काय काय मिसळले आहे हे डब्यावरून समजत नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा आहे. घरगुती तापमानात घट्ट होणारी बरीच इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि मे महिन्यात गाळावर पडलेल्या गडद रंगाच्या लाकडाचा पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडून ठिसूळ होते. म्हणून पट्ट्यांना अतिनील किरण अडवणारे व्हार्निश द्यावे, किंवा उन्हाळ्यात होडीवर ताडपत्री टाकावी; दुसरा उपाय स्वस्त आहे आणि तोच लोक टाळतात. रिसॉर्सिनॉल नावाचा दुसरा एक गोंद उष्णतेला व पाण्याला अधिक चांगला टिकतो, परंतु त्याला अतिशय घट्ट बसणारा सांधा आणि भरपूर दाब लागतो, आणि त्याची गडद तांबडी रेघ सांध्यावर कायमची दिसते.

मिश्रण थोडे थोडेच करावे. पेल्यात एकदम बरेच कालवले की ते स्वतःच्या उष्णतेने तापून हातातच घट्ट होते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. १८ फूट सलग पट्टी मिळणे कठीण दिसते. दोन तुकडे लांबीला जोडले तर चालतील का?

प्रतिसाद (सातारा, सुतारकाम करणारा)

चालतील, मात्र टोकाला टोक लावून जोडू नये. दोन्ही टोके तिरपी छाटून त्या उताराची लांबी जाडीच्या किमान आठपट ठेवावी, म्हणजे एक इंच जाड पट्टीला आठ इंचांचा तिरपा सांधा येईल. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नयेत. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत, आणि त्यांच्या डोक्यांवर त्याच सागाचे डाट (भोक बुजवणारे लाकडी तुकडे) बसवताना डाटाच्या रेषा पट्टीच्या रेषांना जुळवून घ्याव्यात. हे काम फेब्रुवारीत करावे. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते, आणि ती पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही.