कॅबरे म्हणजे नेमके काय होते आणि संगीत रंगभूमीने ते कसे दाखवले?

तालीमघर (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापुरातील आमचा छोटा नाट्यगट कॅबरे या कलाप्रकाराच्या इतिहासावर दीड तासाचा सप्रयोग कार्यक्रम बसवत आहे. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या आगीत जळाल्यानंतर आम्ही लहान सभागृहांतून, प्रेक्षकांच्या अगदी समोर उभे राहून प्रयोग करू लागलो आणि त्या जवळिकीतूनच या विषयाकडे वळलो. पहिल्याच बैठकीत असे लक्षात आले की, आमच्यापैकी बहुतेकांच्या मनातील कॅबरे म्हणजे हिंदी चित्रपटातील हॉटेल, खलनायकाचे टेबल आणि हेलन यांचे नृत्य एवढेच आहे. 1966 ची अमेरिकन संगीतिका 'कॅबरे' आणि त्यावरचा 1972 चा चित्रपट काही जणांना ठाऊक आहे. परंतु त्यात दाखवलेले बर्लिन कितपत खरे आणि कितपत रंगमंचासाठी घडवलेले, हे आम्हाला सांगता येत नाही.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे, ही विनंती. मूळ कॅबरे कुठे आणि कशासाठी सुरू झाले? संगीतिकेने त्यातले काय उचलले आणि काय सोडून दिले? आमच्यातील एका मैत्रिणीने कॅबरे नृत्याच्या जागी लावणी घ्यावी, असे सुचवले आहे. त्याविषयीही आपले मत वाचायला आवडेल.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

आपण सुरुवात पॅरिसपासून करावी, असे मला वाटते, कारण तिथे कॅबरेचा जन्म नृत्यातून झालेला नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1881 मध्ये, रोदोल्फ सालिस याने मोंमार्त्र भागात 'ल शा न्वार', म्हणजे काळे मांजर, हे मद्यगृह उघडले. कवी, चित्रकार आणि गायक आपली नवी रचना तिथे थेट गिऱ्हाइकांसमोर सादर करत. सालिस स्वतः निवेदन करी आणि वाढप्यांना त्याने फ्रेंच अकादमीच्या विद्वानांचा पोशाख चढवला होता. संगीतकार एरिक साती तिथे पियानो वाजवत असे. पुढे तिथे छायानाट्याचा रंगमंच उभा राहिला आणि जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्यांच्या सावल्या पडद्यावर हलू लागल्या. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रकाराची ओढ वेगळी समजावून सांगायला नको. 1885 मध्ये सालिसने जागा बदलल्यावर जुन्या जागेत आरिस्तीद ब्रुआँ याने स्वतःचे कॅबरे थाटले. गुन्हेगार, वेश्या आणि बेघर माणसे यांची गाणी तो त्यांच्याच बोलीत गात असे आणि मजा पाहायला आलेल्या सधन मंडळींना तोंडावर शिव्या देत असे. ती मंडळी पुन्हा पुन्हा येत.

जर्मनीत हा प्रकार 1901 मध्ये पोचला. जानेवारीत एर्न्स्ट फॉन वोल्त्सोगेन याने बर्लिनमध्ये 'युबरब्रेट्ल' सुरू केले आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये 'अकरा जल्लाद' नावाचा गट उभा राहिला. संहिता आधी पोलिसांकडून तपासून घ्यावी लागे. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवण्याचा अनुभव असलेल्यांना त्यातली धाकधूक कळेल. म्युनिकच्या जल्लादांनी त्यावर तोड काढली. त्यांनी आपला गट खासगी मंडळ म्हणून चालवला आणि प्रेक्षकांना 'पाहुणे' म्हणून बोलावले. लाल झगे घालून, परशू उंचावून ते मंचावर येत. सम्राटाची टर उडवणाऱ्या कवितांसाठी कैद भोगून आलेला नाटककार फ्रांक वेडेकिंड तिथे स्वतःच्या रचना गात असे.

पहिल्या महायुद्धानंतर नाटकांवरची पूर्वतपासणी उठली आणि बर्लिनमध्ये कॅबरे बहरले. पण आपण ज्याला कॅबरे म्हणतो त्यात तिथे निदान दोन वेगळे प्रकार होते. एका बाजूला शेकडो पाय एका तालात हलवणाऱ्या नर्तकींचे मोठे रिव्ह्यू, म्हणजे झगमगीत नाच-गाण्यांचे कार्यक्रम, होते आणि दुसऱ्या बाजूला छोट्या मंचावरचे शब्दप्रधान कॅबरे होते. त्या दुसऱ्या प्रकाराचा प्राण निवेदक हाच असे. तो दोन गाण्यांमध्ये उभा राहून त्या दिवसाच्या बातम्यांवर बोले आणि प्रेक्षकाने काही टोकले तर तिथल्या तिथे उत्तर देई. वेर्नर फिंक हा त्यातला फार मोठा माणूस. 1929 मध्ये सुरू झालेल्या 'काटाकोंबे' या कॅबरेत तो वाक्य मुद्दाम अर्धवट सोडून देई आणि उरलेला, धोक्याचा भाग प्रेक्षक मनातल्या मनात पुरा करत. हिटलर सत्तेवर आल्यानंतरही तो बोलत राहिला. टिपणे घेत बसलेल्या गुप्त पोलिसांना त्याने मंचावरूनच, मी फार भरभर बोलतो आहे का, अशा अर्थाचा प्रश्न केला, अशी आठवण सर्वत्र सांगितली जाते. मे 1935 मध्ये काटाकोंबे बंद करण्यात आले आणि फिंकची रवानगी एस्टरवेगनच्या छळछावणीत झाली. तो त्यातून वाचला. व्हिएन्नाचा निवेदक फ्रिट्झ ग्र्युनबाउम वाचला नाही. तो जानेवारी 1941 मध्ये दाखाऊ छावणीत मरण पावला.

आपल्या कार्यक्रमात ही दोन नावे यावीत, असे मला मनापासून वाटते.

नेपथ्य यांचे उत्तर

वरच्या उत्तरात इतिहास आला आहे, म्हणून मी संगीतिकेपुरते लिहितो.

इंग्रज लेखक ख्रिस्तोफर इशरवूड 1929 मध्ये बर्लिनला गेला. तिथल्या वास्तव्यावर त्याने लिहिलेले 'गुडबाय टू बर्लिन' 1939 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावरून 1951 मध्ये एक गद्य नाटक झाले आणि 20 नोव्हेंबर 1966 रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, संगीतिका आली. संहिता जो मास्टरॉफची, संगीत जॉन कँडरचे, गीते फ्रेड एबची आणि दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्सचे होते. संगीतिकेतला तो रंगवलेल्या चेहऱ्याचा निवेदक मूळ पुस्तकात नाही, हे आपल्या कार्यक्रमात अवश्य सांगावे. प्रिन्सने महायुद्धानंतर सैन्यात असताना स्टुटगार्टच्या एका नाइटक्लबात पाहिलेल्या निवेदकाची आठवण त्यामागे होती. हा निवेदक जिथे काम करतो ते 'किट कॅट क्लब' हे ठिकाणही कल्पित आहे.

बोरिस अ‍ॅरन्सनच्या नेपथ्यात रंगमंचावर एक प्रचंड आरसा तिरपा टांगलेला होता. प्रेक्षक आत येऊन खुर्चीत बसत, तेव्हा त्यांना प्रथम स्वतःचेच प्रतिबिंब दिसे. अमेरिकेतील वर्णद्वेष डोळ्यांपुढे ठेवून प्रिन्स हे नाटक करत होता आणि बर्लिनमध्ये जे घडले ते इथेही घडू शकते, हे त्याला वाक्यातून न सांगता त्या आरशातून सांगायचे होते. गाण्यांची रचनाही याच विचारातून झाली. काही गाणी कथेतली पात्रे कथेच्या ओघात गातात आणि काही क्लबच्या मंचावर होतात. पण क्लबातले प्रत्येक गाणे नुकत्याच घडलेल्या प्रसंगावरचे भाष्य असते. चित्रपटात दिग्दर्शक बॉब फॉसीने कथेतली बहुतेक गाणी काढून टाकली आणि गाणे जवळजवळ क्लबपुरतेच ठेवले. त्याबाहेरचे एकच महत्त्वाचे समूहगीत बिअर गार्डनमध्ये होते. कोवळ्या आवाजाचा एक मुलगा गाऊ लागतो, कॅमेरा खाली सरकतो, दंडावरची नाझी पट्टी दिसते आणि एकेक माणूस उठून सूर मिळवतो. हे गाणे नाझींचेच जुने गीत असावे, असा समज अनेकांचा झाला. प्रत्यक्षात ते कँडर आणि एब या दोन ज्यू कलावंतांनी या नाटकासाठी रचले होते.

एक गाणे तालमीत बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. निवेदक गोरिलाच्या वेशातील नर्तकीबरोबर प्रेमगीत गातो, प्रेक्षक हसतात आणि शेवटच्या ओळीत ती ज्यू असल्याचा उल्लेख येऊन ते हसू त्यांच्याच अंगावर उलटते. 1966 मध्ये ज्यू प्रेक्षकांनी आक्षेप घेतल्यामुळे ही ओळ बदलावी लागली. चित्रपटात ती परत आली. ती ओळ ज्यूद्वेष पसरवते की उघडा पाडते, हा वाद तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. माझ्या मते ती ठेवायलाच हवी, कारण ती काढली की प्रेक्षक निर्दोष ठरून घरी जातो.

आता जे सुटले त्याविषयी. संगीतिकेतल्या निवेदकाला नाव नाही, मत नाही आणि वाऱ्याबरोबर तो फिरतो. फिंक आणि ग्र्युनबाउम यांच्यासारखे खरे निवेदक मात्र नावानिशी, स्वतःच्या जोखमीवर बोलत होते. नाटकाने प्रेक्षकाचा अपराध मध्यभागी आणला, ही मोठीच गोष्ट; पण त्यासाठी खऱ्या निवेदकाचे धैर्य बाजूला पडले. नायिका सॅली बोल्सचेही तसेच झाले. ती ज्या जीन रॉसवरून सुचली, ती डाव्या विचारांची होती आणि पुढे तिने पत्रकार म्हणून स्पॅनिश यादवीचे वार्तांकन केले. नाटकातल्या सॅलीला मात्र राजकारणाशी काही देणेघेणे नाही.

शाहिरीप्रेमी यांचे उत्तर

लावणीच्या सूचनेला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण नैतिक संकोच हे नव्हे. लावणी सादर करणाऱ्या स्त्रियांविषयी आपल्या समाजात जातीचे आणि चारित्र्याचे जे पूर्वग्रह आहेत, ते घेऊनच प्रेक्षक सभागृहात येतो. बर्लिनची कथा सांगताना मंचावर लावणी आली, तर तो नाझींचा विचार न करता त्या पूर्वग्रहांनाच उजाळा देईल आणि ज्या कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या निव्वळ अधःपाताचे चिन्ह म्हणून वापरल्या जातील. हा त्यांच्यावर अन्याय होईल.

तमाशातून घ्यायचेच असेल, तर सोंगाड्या घ्या. गण-गौळणीनंतर बतावणीत आणि वगात सोंगाड्या राजाला जे बोलतो, गावच्या पुढाऱ्याला समोर बसवून त्याची जी फिरकी घेतो, ते शब्दप्रधान कॅबरेच्या फार जवळचे आहे. पाश्चात्त्य संगीतनाट्य आणि तमाशा यांचा सांधा जुळू शकतो, हेही सिद्ध झालेले आहे. 1928 मध्ये बर्लिनमध्ये आलेल्या नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला आणि 1978 मध्ये थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली तो रंगमंचावर आणला.

नेपथ्य यांचे उत्तर

लावणीबद्दलची काळजी मला पटते. सोंगाड्यालाही माझी हरकत नाही. मात्र नृत्य पूर्णपणे वगळू नका. मंचावरचा आनंद खरा वाटला नाही, तर बाहेर काय चालले आहे याकडे माणसांचे दुर्लक्ष का झाले, हे प्रेक्षकाला उमगणार नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये बावनखणीतली लावणी आणि ब्राह्मणांची मानवी भिंत एकाच वेळी काम करतात. मंचावरचे गाणे आपल्याला आवडते आणि त्याच क्षणी सत्ता काय करते आहे, तेही दिसत राहते.

तालीमघर (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लावणी घ्यायची नाही, हे आज गटात ठरले. निवेदकाची भूमिका दोन नटांमध्ये विभागावी, असा विचार आहे: एक संगीतिकेतला निनावी निवेदक आणि दुसरा फिंकसारखा, वाक्य अर्धवट सोडणारा. आता एकच शंका उरते. असे दोघे समोरासमोर ठेवले, तर सगळेच कॅबरे कलावंत शूर होते, असा समज होणार नाही ना?

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

होऊ शकतो आणि तो टाळायला हवा. 1924 मध्ये सुरू झालेले बर्लिनचे 'काबारेट डेर कोमिकर' हे अतिशय लोकप्रिय कॅबरे नाझी राजवटीतही चालू राहिले; ज्यू कलावंत आणि संस्थापक गेले आणि उरलेल्यांनी राजकारण सोडून करमणूक केली. त्याच काळात कुर्ट गेरोनचे काय झाले, तेही सांगा. 'थ्री पेनी ऑपेरा'च्या पहिल्या प्रयोगातला हा लाडका नट टेरेझिन या नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत बंदी असताना तिथेही कॅबरे करत होता आणि 1944 मध्ये ऑश्विट्झला मारला गेला.

बर्लिनची ती रंगभूमी आणि ब्रॉडवेची संगीतिका यांना जोडणारी एक व्यक्ती तुमच्या कार्यक्रमात आलीच पाहिजे, ती म्हणजे गायिका-अभिनेत्री लोटे लेन्या. 'थ्री पेनी ऑपेरा'च्या 1928 च्या त्याच प्रयोगात ती जेनीच्या भूमिकेत होती, 1933 मध्ये तिला जर्मनी सोडावी लागली आणि 1966 मध्ये ब्रॉडवेच्या 'कॅबरे'त तिने घरमालकीण श्नायडरबाईंचे काम केले. फळविक्रेते शुल्ट्झ या बाईंना भेट म्हणून अननस आणून देतात, दोघे लग्न ठरवतात आणि शुल्ट्झ ज्यू आहेत म्हणून बाई भीतीपोटी ते लग्न मोडतात. बाई दुष्ट नाहीत. त्यांना खोल्या भाड्याने देऊन जगायचे आहे. तुमच्या दोन निवेदकांच्या मधोमध हा प्रसंग वाचनरूपाने ठेवा. संगीतिकेतील उतारा किंवा गाणे सादर करण्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागेल, म्हणून ती वेळ हाती ठेवून मागा. तोवर प्रसंगाचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहून तालीम सुरू करायला हरकत नाही.