धनुर्विद्येची स्पर्धा पहिल्यांदाच कव्हर करतोय, जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात एका दैनिकासाठी क्रीडा वार्ताहर म्हणून काम करतो. कुस्तीची मैदानं, कबड्डी, खो-खो आणि गावोगावचं टेनिस बॉल क्रिकेट एवढाच आजवरचा माझा प्रांत. येत्या शनिवार-रविवारी आमच्याकडे धनुर्विद्येची राज्यस्तरीय निवड स्पर्धा आहे आणि ती मी करायची असं ठरलंय. आत्तापर्यंत आमच्या पानावर या खेळाची बातमी म्हणजे आलेलं प्रसिद्धिपत्रक: नावं, गट, पदकं, शेवटी अभिनंदन करणाऱ्यांची यादी. यावेळी मला तसं करायचं नाही.

कारण हा जिल्हा अदिती स्वामीचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिनं वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंडचं (टोकांना कप्प्या लावलेल्या धनुष्याचं) जागतिक विजेतेपद मिळवलं, अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवून. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण घेत पुरुषांचं विजेतेपद जिंकलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे घडले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हमध्ये (टोकं पुढं वळलेलं, कप्प्या नसलेलं धनुष्य) टोकियो ऑलिंपिकला खेळून आला होता. एवढं सगळं आमच्या मातीत झालंय आणि आमच्या वाचकाला खेळ मात्र पदकापुरताच माहीत आहे.

नियम वाचून काढलेत. रिकर्व्ह ७० मीटरवरून, कंपाऊंड ५० मीटरवरून. आधी ७२ बाणांची क्रमवारी फेरी, मग बाद फेरी. अडचण वेगळीच आहे. कुस्तीत पैलवानानं पट धरला की पुढं काय होणार ते मला दिसतं. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला मैदान कसं श्वास धरतं ते मी डोळे मिटूनही लिहीन. इथे पोरं ओळीत उभी, बाण सुटलेला दिसत नाही, टार्गेट लांब. मग बघायचं काय?

परवा सरावाला जाऊन आलो. नववीतली एक मुलगी रिकर्व्ह मारत होती. दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला टेकलेली, खांदा मागं जातोय, आणि बाणाच्या टोकावरून क्लिकरची (दोरी पुरती ओढली गेली हे आवाजानं सांगणारी) पट्टी टक् करून सुटली की त्याच क्षणी बोटं मोकळी. एकदा मात्र तो टक् आलाच नाही. तिनं धनुष्य सावकाश खाली घेतलं, दोन श्वास घेतले, पुन्हा उचललं. त्या दोन श्वासांत बातमी आहे असं मला वाटतं, पण ती वाचायची कशी ते कळत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. मैदानावर नजर कुठे ठेवू? सेटचे गुण वाचकाला कंटाळा न आणता कसे सांगू? खेळाडूंशी कधी बोललेलं चालतं? आणि एकाच वेळी आठ-दहा लढती चालू असताना कोणती धरू? रविवारी रात्री आठला पान सुटतं.

प्रतिसाद: जुना रिकर्व्हवाला

दादा, पहिली गोष्ट, दुर्बीण न्या. नसेल तर कुठल्याही प्रशिक्षकाला विनंती करा, स्कोपमधून बघू देतात. बाण कुठे लागला यापेक्षा तीन बाण एकमेकांच्या किती जवळ लागले ते बघा. तिन्ही बाण जवळजवळ पण डावीकडे आठात, तर पोरगं बरोबर मारतंय, साईट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवली की दहात येईल. एक दहा, एक सात, एक नऊ असं विखुरलं तर रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, बिघडलाय किंवा मन. वारा असेल तर बाजूच्या झेंड्यांकडे बघत राहा. रिकर्व्हवाले मुद्दाम मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर नेम धरतात आणि बाण आत येतो. हे लिहिलंत तर वाचक पुढच्या वेळी मैदानावर येईल.

तुमच्या त्या मुलीनं केलं त्याला आम्ही लेट डाऊन म्हणतो. बाद फेरीत दोघं आळीपाळीनं मारतात तेव्हा एकेका बाणाला वीसच सेकंद मिळतात. त्यात धनुष्य खाली घेऊन पुन्हा उचलायला छाती लागते. घड्याळाचा आकडा सात-आठ सेकंदांवर आल्यावर कोणी उतरवलं तर वहीत नोंद कराच.

सेटचं म्हणाल तर एका उदाहरणात सांगा. तीन बाणांचा सेट, जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, सहा गुण आधी करणारा जिंकला. पहिल्यानं एक सेट ३०-२५ नं घेतला आणि पुढचे तीन २६-२७ नं घालवले. त्याची बेरीज १०८, समोरच्याची १०६, तरी तो २-६ नं हरला. म्हणून रिकर्व्हच्या बातमीत एकूण बेरीज देऊ नका, सेटचे गुण द्या. कंपाऊंडला उलट, पंधरा बाणांची सरळ बेरीज, १५० पैकी.

प्रतिसाद: खेळाडूची आई

माझी लेक कंपाऊंड खेळते म्हणून सांगते. दोन एंडच्या (एंड म्हणजे एका वेळी मारायच्या बाणांची खेप) मध्ये मुलांशी बोलू नका, नुसतं "छान चाललंय" सुद्धा नको. आम्ही घरचेही गप्प असतो. पाण्याची बाटली द्यायची आणि मागं व्हायचं. तीन भोंगे झाले की सगळे टार्गेटकडे जातात, तेव्हाही गुण लिहून होईपर्यंत कोणी बाणाला हात लावत नाही. बोलायचं ते लढत संपल्यावर, आणि मुलं लहान असतील तर आधी पालकांना किंवा सरांना विचारून.

आणि एक कळकळीची विनंती. घरची गरिबी हाच मथळा करू नका. सामान महाग आहे, कर्ज काढावं लागतं, ते खरंच आहे, लिहा. पण आधी पोरीनं कसा खेळ केला ते येऊ दे. पोपटाचा डोळा आणि एकलव्य पण यावेळी राहू द्या भाऊ.

प्रतिसाद: डेस्कवरचा एक

सगळ्या लढतींमागे धावलात तर एकही हाती लागणार नाही. शनिवारी क्रमवारी फेरीचा तक्ता घ्या. पहिल्या क्रमांकाची गाठ तळाच्याशी पडते, त्यामुळे धक्का कुठे बसू शकतो ते रात्रीच दिसेल. आपल्या जिल्ह्यातले दोन आणि वरच्या क्रमांकातला एक, एवढेच तीन धरा. पार्श्वभूमीची चौकट शुक्रवारीच लिहून डेस्कला द्या. कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येतेय, चौकटीत ते हवंच. साताऱ्यात कंपाऊंड खेळणाऱ्या प्रत्येक पोराला आता ऑलिंपिकची वाट आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंची विनंती पूर्ण मान्य, मथळ्यासाठी डेस्कशी मीच बोलेन. एकच राहिलं: ५-५ झाले तर? आणि बाण दोन रंगांच्या रेषेवर लागला तर?

प्रतिसाद: जुना रिकर्व्हवाला

५-५ ला शूट-ऑफ. दोघांना एकेक बाण, जास्त गुण त्याचा विजय, गुण सारखे असतील तर मध्याच्या जवळचा जिंकला. कंपाऊंडला बेरीज सारखी झाली तरी हेच. रेषेला बाण शिवला तर वरचा गुण, वाद झाला तर पंच भिंग घेऊन येतात आणि त्यांचं अंतिम. शूट-ऑफ सुरू होतोय असं दिसलं की बाकी सगळं सोडून त्या टार्गेटच्या समोर, शूटिंग लाइनच्या (खेळाडू उभे राहतात त्या रेषेच्या) मागे जाऊन उभे राहा. फोटोग्राफरलाही सांगून ठेवा, लाइनच्या पुढे पंचांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.