मदत हवी आहे: उतारावर पुढचं चाक निसटतं, सायकल बदलू का?

टेकडीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न सायकलचा आहे, पण थोडं पाल्हाळ लावल्याशिवाय कळणार नाही. सांभाळून घ्या.

पुण्यात कोथरूडला राहतो. वय ४४, वजन ८२ किलो, काम बैठं. तीन वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली म्हणून डोंगरी सायकल घेतली. २९ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटरचं स्प्रिंगचं सस्पेन्शन, मागे काही नाही, म्हणजे हार्डटेल. दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. टायर सव्वादोन इंच रुंद, आत साधी ट्यूब. वजन साधारण १४ किलो.

पहिली दोन वर्षं फार मजेत गेली. साडेपाचला निघायचं, एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने वेताळ टेकडीवर चढायचं, खाणीच्या कडेने एक फेरी मारायची, मोरांचं ओरडणं ऐकायचं आणि सात-सव्वासातला घरी येऊन पोहे. रविवारी कधी बोपदेव घाट, कधी सिंहगडाचा पायथा. किती किलोमीटर झाले हे बघायचं सुचतही नव्हतं.

मग ऑफिसातल्या एकाने मोबाईलवर ॲप टाकून दिलं. त्यात माझ्याच टेकडीवर माझ्यापेक्षा जोरात गेलेल्या माणसांची भलीमोठी यादी! तिथून डोकं फिरलं. हिमाचलात २००५ साली सुरू झालेली एमटीबी हिमालय ही डोंगरी सायकलींची शर्यत एकदा तरी करायचीच, असं स्वप्न पडायला लागलं. म्हटलं, आधी जवळपास काहीतरी करून बघू.

गेल्या महिन्यात पुण्याबाहेर एक हौशी शर्यत होती. १५ किलोमीटरच्या दोन फेऱ्या. नांगरलेल्या शेतांच्या बांधावरून वाट, मग माळ, एक खडा चढ, आणि पलीकडे ओढ्यापर्यंत घसाऱ्याचा उतार. सुटा मुरूम, त्यात लिंबाएवढे, कुठे नारळाएवढे दगड. चढावर मी आठ-दहा जणांना मागे टाकलं. स्वतःवरच खूश होतो. आणि उतार लागल्याबरोबर तेच आठ-दहा जण आणि वर आणखी पाच मला ओलांडून गेले. माझं पुढचं चाक वळणावर साबणावर ठेवल्यासारखं निसटत होतं. दुसऱ्या फेरीत ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर ते गेलंच. कोपर सोललं, गुडघा सोलला, बाटली घरंगळत ओढ्यात. ४७ जणांत ४१वा आलो.

मला ओलांडणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा होता. सायकल माझ्या निम्म्या किमतीचीही नसेल. पायात कॅनव्हासचे बूट, सीट पार खाली बसवलेली. तो उतारभर बसलाच नाही, पेडलवर उभा राहून गेला. नंतर केळी खाताना माझ्याशी बोलायला आला. सायकल निरखून पाहिली, पुढच्या टायरवर अंगठा दाबला आणि हसत म्हणाला, "काका, लय भारी सायकल." मला ते लागलं. भारी सायकल आणि ४१वा नंबर!

तेव्हापासून टेकडीवरचा प्रत्येक उतार नको वाटतो. दोन्ही ब्रेक आवळून उतरतो, खाली येईतो बोटं बधिर होतात. गेल्या दोन रविवारी तर गजर बंद करून झोपलो.

आता सल्ल्यांची गर्दी. एक मित्र म्हणतो, मागेपुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घे. दुसरा म्हणतो, ११ किलोची कार्बन घे. दुकानातला मुलगा म्हणाला, बटण दाबल्यावर सीट खाली जाते तो ड्रॉपर पोस्ट बसवा आणि बुटाला पेडलमध्ये अडकणारी क्लीट लावा. माझ्याकडे ४० हजार बाजूला आहेत. (घरी याची कल्पना आहे. मंजुरी नाही.)

यातलं आधी काय घेऊ? की सायकलच बदलू?

कातळकडा

चांगलं लिहिलंय. कोपर कसं आहे आता? पैसे खिशातच राहू द्या आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. टायरमध्ये हवा किती भरता?

सदाशिव_पेठी

१४ किलोच्या जागी ११ किलोची सायकल म्हणजे ३ किलोंसाठी लाख-दीड लाख. तेच ३ किलो पोटावरून फुकट उतरतात. पोहे सात वाजताच खायचे असं कुठे लिहिलंय?

टेकडीवाला

@सदाशिव_पेठी, आलात का. पोह्यांना मध्ये आणू नका.

@कातळकडा, कोपरावर खपली धरलीय. हवा ६० पीएसआय. टायरच्या बाजूला ३५ ते ६५ असं छापलंय, म्हणून वरच्या आकड्याच्या जरा खाली ठेवतो. दर शनिवारी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरून घेतो. टणक टायर असला की सायकल हलकी पळते.

कातळकडा

सापडलं! तो पोरगा तुमच्या टायरवर अंगठा दाबून का हसला, ते आता कळलं का?

डांबरी रस्त्यावर टणक टायर हलका पळतो, कबूल. मुरुमावर उलट होतं. गणित करून बघा. उतारावर पुढच्या चाकावर समजा ३५ किलो भार आहे, म्हणजे ७७ पौंड. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड. ७७ला ६०ने भागा: जमिनीला टेकलेली जागा सव्वा चौरस इंच. चांदीच्या बंद्या रुपयापेक्षा जेमतेम मोठी. एवढ्याशा जागेवर तुम्ही ८२ किलो आणि १४ किलोची सायकल वळवताय, तीही सुट्या खड्यांवर! ३०ने भागा, जागा दुप्पट होते. गणित ढोबळ आहे, टायरची जाडी वगैरे त्यात धरलेली नाही, पण मुद्दा कळेल.

दुसरं, टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो. मऊ टायर दगड पोटात घेतो. उडालेलं चाक ना वळतं ना थांबतं. तुमची बोटं बधिर होतात त्यातही याचा हात असणार. खालचा सगळा खडखडाट सरळ तळव्यात येतो आणि वर तुम्ही मूठ आवळून बसलेले.

तुमच्या वजनाला, आत ट्यूब असताना, पुढे ३२ आणि मागे ३५ पासून सुरुवात करा. दर फेरीला २-२ने उतरवत जा. पुढे २८ आणि मागे ३२ च्या आसपास थांबाल असा अंदाज. फार खाली जाऊ नका. ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

पंक्चरवाल्याकडे जाणं बंद. मीटर असलेला उभा पंप घ्या. दोन मीटर कधी एकच आकडा दाखवत नाहीत, तेव्हा आपला एकच धरून चाला.

घाटमाथा_ताई

कातळकडा यांच्याशी सहमत. भर घालते. नाशिककडे आठ वर्षं चालवतेय, तीन शर्यतींत शेवटून पहिली आलेय, तेव्हा अनुभव दांडगा आहे.

दादा, तुम्ही उतारावर सीटवर बसून राहता ना? पोस्टमध्ये कुठे लिहिलं नाहीत, पण पोरगा उभा होता याचं तुम्हाला नवल वाटलं, त्यावरून ओळखलं. बसलं की वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि मग ते मन मानेल तिकडे जातं. उभं राहायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर. छाती हँडलच्या वर हवी, मागे पळायचं नाही. भीती वाटली की आपण मागे सरकतो आणि नेमकं तिथेच फसतो. नजर चाकाच्या पुढच्या दगडावर नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. दगडाकडे बघितलं की सायकल दगडाकडेच जाते.

ड्रॉपर पोस्ट छान असतो, माझ्याकडे आहे. पण तुमच्या सीटखाली हाताने उघडायची पकड असेलच. उतारापूर्वी थांबा, सीट चार बोटं खाली घ्या, उतरून झालं की वर. त्या पोराने तेच केलं होतं. फक्त परत वर घ्यायला विसरू नका. खाली सीट ठेवून चढ चढला तर गुडघे बोलतात. नेहमीच्या उंचीवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा, म्हणजे रोज मापं काढत बसायला नको.

क्लीट तूर्त नको. उताराची भीती आहे तोवर पाय सुटे हवेत. खिळ्यांचे सपाट पेडल आणि सपाट तळव्याचे बूट घ्या.

आणि ब्रेक एका बोटाने. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं, बाकीची तीन हँडल धरायला. लिव्हर आत सरकवून घ्या म्हणजे तर्जनी टोकाशी येईल. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात शक्यतो सोडून द्यायचा.

सदाशिव_पेठी

ताईंनी सगळं सांगितलं, आता मी सज्जनपणे बोलतो. दोन्हीकडे सस्पेन्शन हवंच असं काही नाही. १९९६ला अटलांटामध्ये डोंगरी सायकल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंतजेन्स २६ इंची हार्डटेलवर सुवर्णपदक घेऊन गेला. तुमची चाकं त्याच्यापेक्षा मोठी आहेत.

आणि ते ॲप काढून टाका. हे मी फुकट सांगतोय.

बंगळूरकर

ट्यूबलेसचा विचार करा की! आत ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटायला काही नाही, हवा आणखी कमी ठेवता येते. बाभळीचा काटा घुसला तरी आतलं द्रावण भोक बुजवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. मात्र रिम ट्यूबलेससाठी केलेली आहे का, ते आधी बघा. आणि द्रावण उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. मी एकदा वर्षभर विसरलो. आत रबराचा एक शंखासारखा गोळा निघाला, मुलगी शाळेत दाखवायला घेऊन गेली.

टेकडीवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. मार्चअखेर होती.

पंप घेतला. आधी आहे तेवढी हवा मोजली तर मागे ५८, पुढे ६२. म्हणजे पंक्चरवाल्याने इमानेइतबारे भरली होती, त्याला दोष नाही. पुढे ३२, मागे ३५ करून टेकडीवर गेलो. खाणीच्या पलीकडे जो उतार आहे, वाळलेल्या गवतातून जाणारा, त्यावरून मी वर्षभरात एकदाही ब्रेक सोडून उतरलो नव्हतो. सीट खाली घेतली, उभा राहिलो, तर्जनी लिव्हरवर. पहिल्या वळणावर सवयीने अंग आखडलं. चाक निसटलं नाही. कर्रर्र असा आवाज करत मुरूम दाबत वळलं. दुसऱ्या वळणावरही तेच. खाली आलो तर मला हसू आवरेना. पहाटे फिरायला आलेल्या एका आजींनी थांबून विचारलं, "पडलास का रे?" म्हटलं, नाही आजी, पडलो नाही म्हणूनच हसतोय. त्यांना काही ते पटलं नाही.

मग हाव सुटली. पुढच्या रविवारी मागे २४ केली. कातळकडांनी सांगूनसुद्धा. एका कातळाच्या पायरीवरून उतरताना खालून खट्ट झालं आणि सायकल बसली. घरी येऊन ट्यूब बादलीत धरली, शेजारी-शेजारी दोन बुडबुडे. साप चावलाच. जवळ दुसरी ट्यूब नव्हती, एआरएआयपासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. आता पुढे २८, मागे ३३ आणि पाठीवर एक जादा ट्यूब.

बोटं बधिर होणं जवळजवळ थांबलंय. लिव्हर आत घेतल्यावर फरक पडला. नेलपॉलिशची रेघ मारली आहे, मरून रंगाची. बाटली कुणाची हे उशिरा कळलं, त्यावरून थोडं ऐकून घेतलं.

आतापर्यंतचा खर्च: पंप, दोन ट्यूबा, खिळ्यांचे पेडल. साडेचार हजारांच्या आत. उरलेल्या पैशांवर वॉशिंग मशीनचा दावा दाखल झालाय आणि निकाल कुणाच्या बाजूने लागणार हे मला ठाऊक आहे. ॲप काढलेलं नाही. पण फोन आता खिशात असतो, हँडलवर नाही.

त्या शर्यतीचा पुढचा टप्पा पावसाळ्यानंतर आहे. फॉर्म उघडून ठेवलाय, भरलेला नाही. त्याआधी एक अडचण: चढावर उभा राहून जोर लावला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसलो की पुढचं उचलतं. यावर काय?

घाटमाथा_ताई

बसूनच राहायचं, पण सीटच्या टोकाशी सरकून. छाती खाली, कोपरं आत आणि खाली, जणू हँडल गुडघ्यांकडे ओढताय. गेअर एकने जड ठेवा, फार हलका असला की चाक झटका खातं आणि फिरतं. सीट वर घेतली होती ना पण?

टेकडीवाला

…

सदाशिव_पेठी

रेघ मरून रंगाची आहे म्हणाला होतात. अंधारात दिसत नसेल.

कातळकडा

रविवारी मी पुण्यात आहे. पावणेसहाला एआरएआयच्या बाजूला येतो, चढ एकत्र बघू. तुमचा पंप घेऊन या, माझा मीटर दाखवतो त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही.