ब्रूपबला पहिल्यांदा जाऊन राहिलो, सॅम्पलर घ्यावा का सरळ पिचर (मोठा जग)?

तर्रीवाला
भौ लोकहो, शनिवारी आम्ही चार जण नागपुरात वर्धा रोडकडच्या एका ब्रूपबला जाऊन राहिलो. आतापर्यंत आपलं सगळं परमिट रूममधल्या स्ट्राँगच्या बाटलीवरच चाललं, तिथंच बनवून टाकीतून काढलेली बिअर कधी घेतली नाही. ऑफिसातला एक म्हणते पाणचट हाय अन् वरून गढूळ, दुसरा म्हणते एकदम भारी. एक दोस्त सेवाग्रामहून येऊन राहिला, त्याच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्याले काही बेकार पाजलं तं जन्मभर ऐकवेल. काय मागवावं? सावजी आधी खावं का नंतर? अन् चुलतभाऊ २२ चा हाय, त्याले चालते का?

धरमपेठकर
पिचर आधी बिलकुल नको. सॅम्पलर मागव, छोट्या ग्लासात चार-सहा प्रकार येतात, अन् फिक्या रंगाकडून काळ्याकडे जा, आयपीए नावाची कडूवाली बिअर शेवटी घे, नाही तं जिभेवर तोच कडूपणा बसते अन् मागचं सगळं पाण्यासारखं लागते. तुझ्या ऑफिसवाल्यानं नेमकं हेच केलं असेल.

गव्हाची बिअर गढूळच असते, ती खराब नसते. त्यात यीस्ट अन् गव्हाचं प्रोटीन तसंच राहते, गाळत नाहीत. हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) असली तं केळ्याचा अन् लवंगेचा वास येईल, वेटरले विचारू नको केळं टाकलं का म्हणून, ते सगळं यीस्टचं काम हाय. बेल्जियन विट (बेल्जियमकडची गव्हाची बिअर) असली तं त्यात मात्र खरंच संत्र्याची साल अन् धने घालतात. (आपल्या गावात बसून बाहेरच्या संत्र्याची साल काहून वापरावी, हा माझा जुना राग हाय.)

चुलतभावाले बिअर चालते, महाराष्ट्रात बिअरले २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमले २५. आधार कार्ड घेऊन जा म्हणा.

काहून_बे
कायले एवढं नाटक. मी गेलतो तं ट्रेमध्ये खोकल्याच्या औषधाएवढे ग्लास आणून ठेवले, अन् त्या पैशात सीताबर्डीवर दोन स्ट्राँग अन् चकना आला असता. काळीवाली तरी कडक असेल म्हणून मागवली तं तिच्यातही काही दम नाही.

हॉप्सवाला
काळी म्हणजे कडक हे डोक्यातून काढ बावा. स्टाउटचा, म्हणजे त्या काळ्या बिअरचा, रंग भाजलेल्या जवामुळं येते, अल्कोहोलमुळं नाही. बऱ्याच स्टाउट चार-पाच टक्क्यांच्या असतात अन् आपली बाटलीतली स्ट्राँग आठपर्यंत जाते, म्हणून तुले दम वाटला नाही. चढवायचीच असली तं बर्डीच बरी, इथं चवीसाठी जायचं.

आता सावजी. आधी खाऊन जाऊ नको, तिखटानं जीभ सुन्न झाल्यावर गहू काय अन् जव काय. अन् मजा म्हणजे ओठाले तर्रीचं तेल लागलं असलं की ग्लासातला फेस पाहता पाहता बसते, तेल फेसाचं वैरी हाय. तिथं खायचंच असलं तं तिखट चिकनसंग गव्हाची घे, आयपीए घेशील तं कडू अन् तिखट दोन्ही वाढते.

अजून एक, ग्लास नीट पाहा. आतल्या काचेले जागोजागी बुडबुडे चिकटून बसले असतील तं ग्लास नीट धुतला नाही, बदलून माग, लाजू नको. वरचा दोन बोटं फेस मात्र राहू दे, आपल्याकडं लोक "फेस काढून भर" म्हणून भांडतात, सगळा वास तिथंच असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते म्हणून सगळेच बर्फासारखी थंड मागतात, अन् इतक्या थंड बिअरले चवच लागत नाही. पाच मिनिटं टेबलावर ठेव, मंग पी.

तर्रीवाला
हॉप्सवाला भौ, हे तं कोणी सांगितलंच नव्हतं. अन् बिघडलेली कशी ओळखावी?

हॉप्सवाला
लोण्यासारखा वास आला, किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा, तं परत कर. मुद्दाम आंबट बनवलेली नसून आंबट लागली तरी परत कर, बहुतेक नळीच साफ केलेली नसते. मले एका ठिकाणी लोणीवाली आणून दिली अन् वरून सांगते "सर यही फ्लेवर है". बसल्या बसल्या विचार, या आठवड्यात कोणती नवी टॅप केली (नळाले लावली), गव्हाची तं ताजीच घे. लॅगर नावाची बिअर थंड टाकीत कित्येक आठवडे पडून तयार होते, म्हणून दरवेळी भेटतेच असं नाही, असली तं सोडू नको.

धरमपेठकर
बिल पाहून दचकू नका, बिअरवर व्हॅट लागते अन् खाण्यावर जीएसटी, दोन्ही वेगळे. अन् गाडी घरीच ठेवा, चारही जण. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस, पहिल्याच वेळी दहा हजार दंड नाही तं सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. सेवाग्रामवाल्याची मुक्कामाची सोय तुझ्याकडंच कर.