गाबा (मेंदूतलं न्यूरॉनला शांत करणारं रसायन) वाढला की फिट्स कमी व्हायला पाहिजेत ना, मग टायगाबिन या फिट्सच्या औषधानं उलटं कामून होतं?

लातूरकर_फार्मा
एम.फार्म करायलोय, लातूरला. सेमिनारला टॉनिक इनहिबिशन (न्यूरॉनला सतत लागलेला ब्रेक) घेतलंय, अर्धं समजलं अर्धं समजंना. सिनॅप्समधे, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडावर, गाबा सुटला की थोडे मिलिसेकंद क्लोराइड चॅनल उघडतं, ते फेजिक. अन् सिनॅप्सच्या बाहेर जो थोडाफार गाबा कायम असतोच त्यानं बाहेरचे रिसेप्टर सारखे चालू राहतात, ते टॉनिक. इथपर्यंत ठीक. आता टायगाबिन गॅट-१ अडवतं, गॅट-१ म्हणजे गाबा परत पेशीत ओढणारं प्रोटीन, म्हणजे गाबा आत ओढला जात नाही, बाहेर साचतो, टॉनिक वाढतं, न्यूरॉन शांत. फोकल फिट्समधे (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या) चालतं पण ते. मग ॲबसन्समधे (थोडे सेकंद टक लावून हरवल्यासारख्या फिट्स) देऊ नका, वाढतात, असं कामून लिहिलंय? सरांना विचारलं तर म्हणले मेकॅनिझम वेगळाय अन् लगेच पुढची स्लाइड. गाईडमधलं नका सांगू, ते पाठ झालंय.

क्रांतीचौक_फिजिओ
भाऊ तुझा घोळ "न्यूरॉन शांत" या दोन शब्दांत आहे. कोणता न्यूरॉन ते बघ आधी. ॲबसन्सचा खेळ थॅलॅमस (मेंदूच्या मधलं, संदेश पुढं पाठवणारं केंद्र) अन् कॉर्टेक्समधे (मेंदूचा वरचा थर) चालतो, आणि थॅलॅमसमधल्या रिले पेशींना टी-टाइप कॅल्शियम चॅनल भरपूर असतात. पेशी नेहमीच्या व्होल्टेजला असली की हे चॅनल बंद पडून राहतात, उघडायच्या लायकीचेच नसतात. पण टॉनिक करंटनं पेशी जास्त निगेटिव्हला नेऊन ठेवली की ते परत तयार होतात, मग बारीकसा धक्का लागला तरी कॅल्शियम आत घुसतं अन् एक स्पाइक यायच्या जागी सगळा झुपकाच निघतो. तेच कॉर्टेक्सबरोबर तालात आलं की ईईजीवर सेकंदाला तीनच्या आसपास स्पाइक-वेव्ह दिसतात, पोरगं जेवता जेवता घास हातात धरून टक लावून बसतं अन् थोड्या सेकंदांनी काही झालंच नाही असं परत खायला लागतं. २००९ मधे ॲबसन्सच्या उंदरांमधे नेमकं हेच सापडलं, रिले पेशींमधलं टॉनिक इनहिबिशन वाढलेलं आणि त्याच्यामागं गॅट-१ नीट काम करत नव्हतं. म्हणजे टायगाबिन जे करतं तेच तिथं आपोआप झालेलं. शिवाय साचलेला गाबा, गाबा-बी या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरलाही लागतो, ते अजून भर घालतात. ॲबसन्सचं औषध इथोसक्सिमाइड टी-टाइप चॅनल अडवतं हे तर तुला पाठ असंलच, आता जोडून बघ.

पॅचवाला_नांदेड
वरचं बरोबरच आहे, फक्त टॉनिक म्हणजे नुसती पेशी निगेटिव्ह करणं असंही समजू नको. बऱ्याच पेशींत व्होल्टेज फारसं हलत नाही, गळती वाढते. ठिबकच्या नळीला जागोजागी भोकं पडली की मोटर तीच असून शेवटच्या झाडापर्यंत प्रेशर येत नाही, तसं एक्सायटेटरी करंट येतो पण व्होल्टेज चढत नाही. याला शंटिंग म्हणतात. सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) ग्रॅन्युल सेलमधे हे मस्त दिसतं, पॅच क्लॅम्पवर (एका पेशीचा करंट मोजायची पद्धत) गाबाचे रिसेप्टर अडवणारं गॅबाझिन टाकलं की सिनॅप्सचे ठोके थांबतात ते वेगळं, पण सगळी बेसलाइनच सरकते आणि ट्रेस बारीक होतो कारण उघडझाप करणाऱ्या चॅनलचा नॉइज गेला. तो सरकलेला भाग म्हणजे टॉनिक करंट. या पेशींना अल्फा-६ अन् डेल्टा सबयुनिटवाले (सबयुनिट म्हणजे रिसेप्टर ज्यांनी बनतो ते तुकडे) रिसेप्टर असतात, डेंटेट गायरस (हिप्पोकॅम्पसजवळचा भाग) अन् थॅलॅमसमधे अल्फा-४ अन् डेल्टा. ते मायक्रोमोलरहून कमी गाबालाही दाद देतात अन् लवकर थकत नाहीत म्हणून तर दिवसभर चालू. पण टॉनिक म्हणजे डेल्टाच असं लिहू नको पेपरमधे, हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ मधे अल्फा-५ वाले आहेत. आणि काही इंटरन्यूरॉनवर पण डेल्टा असतात, म्हणजे ब्रेक लावणाऱ्यालाच ब्रेक, हिशोब अजूनच फिरला.

लातूरकर_फार्मा
आत्ता पेटली ट्यूब. मग डायझेपाम (फिट थांबवायला देतात ते) ह्या डेल्टावाल्यांवर चालतं का नाही?

पॅचवाला_नांदेड
नाही. त्याला अल्फा अन् गॅमा-२ या सबयुनिटच्या मधली जागा लागते, ती डेल्टावाल्यांत नाही, अन् त्यातही अल्फा-४, अल्फा-६ त्याला जुमानत नाहीत.

गंगाखेडची_लेक
दादा मधेच विचारते, मी नर्सिंगला आहे. वॉर्डात एक दोन बायका सांगतात की पाळी आली की फिट्स जास्त येतात. मोठ्या सिस्टर म्हणतात मनाचे खेळ. याचा काही संबंध आहे का इथं?

क्रांतीचौक_फिजिओ
मनाचे खेळ नाहीत ताई, कॅटामेनियल एपिलेप्सी म्हणतात त्याला. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं आणि ते या डेल्टावाल्या रिसेप्टरला जोर देतं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं, त्याबरोबर हेही उतरतं, टॉनिक इनहिबिशन ढिलं पडतं. याच रेणूचं औषध ब्रेक्सानोलोन, २०१९ मधे अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी मंजूर झालं, सलाइनमधून ६० तास द्यावं लागायचं. त्या बायकांना पाळीच्या तारखा अन् फिट्सच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडायला सांगा, न्यूरोच्या ओपीडीत ते कॅलेंडर दाखवलं की डॉक्टर पण लक्ष देऊन बघतात. गोळी आपल्या मनानं कमीजास्त करू देऊ नका फक्त.